एकतारी, कॅसेट, मोबाइल : आवाज आमचा, सातबारा कोणाचा?

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्याची जाहिरात रीतसर पैसे घेऊन छापावी, अशी विनंती पुण्याच्या 'केसरी'ला करण्यात आली होती. 'केसरी'ने ती नाकारली. ही घटना चळवळीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि आपण ती अपमानाची गोष्ट म्हणून सांगत आलो आहोत. मला ती साधनांच्या इतिहासातली एक महत्त्वाची नोंद वाटते. बोलणारा माणूस होता. त्याच्याजवळ बोलण्यासारखे होते. जाहिरातीचे पैसेही होते. फक्त छापखान्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला होती.

आज औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, कडूबाई खरात एकतारी घेऊन बाबासाहेबांचे गाणे गाते आणि ते लाखो लोकांच्या हातातल्या मोबाइलवर पोहोचते. तिला कोणत्याही संपादकाची परवानगी घ्यावी लागली नाही. आकाशवाणीची स्वरपरीक्षा द्यावी लागली नाही. मग किल्ली आता आपल्या हाती आली, असे म्हणायचे काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी थोडे मागे जाऊन हा रस्ता तपासला पाहिजे.

छापखाना बंद होता, तेव्हा आपल्या माणसांनी स्वतःच्या गळ्याचा छापखाना केला. सत्यशोधक जलशांचा वारसा पुढे नेत १९३० च्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला. ढोलकी, तुणतुणे, डफ आणि चार-सहा जिवाभावाचे गडी एवढेच भांडवल. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यापर्यंत सत्याग्रहाचा अर्थ या जलशांनी नेला. जलशाचे साधन संपूर्णपणे आपले होते. गाणारा आपला, ऐकणारा आपला, आणि रात्रभर कार्यक्रम झाल्यावर भाकरी घालणारी वस्तीही आपली. त्याला मर्यादा एकच होती. गळा थकला की गाणे थांबत असे आणि माणूस गेला की त्याचा आवाजही जात असे. कर्डकांनी याची जाण ठेवून जलशांवर पुस्तक लिहिले. ते १९७८ साली प्रसिद्ध झाले. आपला इतिहास आपणच लिहिला पाहिजे, हे त्या जलसाकाराला विद्यापीठांच्या आधी कळले होते.

जलशानंतर वामनदादा कर्डक आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेला हा माणूस मोठेपणी अक्षरे शिकला आणि गावोगाव फिरून गात राहिला. २००४ साली त्यांचे निधन झाले. त्यांची गाणी इतकी पसरली की अनेकांना ती लोकगीतेच वाटू लागली. हा कवीचा गौरव आहे, असे आपण म्हणतो. पण त्याला दुसरी बाजूही आहे. गाणे लोकांचे झाले की कवीचे नाव गळते आणि नाव गळले की त्याचा हक्कही गळतो.

हे गळणे कॅसेटच्या काळात ठळकपणे दिसू लागले. १९८० च्या दशकात टेपरेकॉर्डर वस्तीत आला. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटची दुकाने लागू लागली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घराघरांत शिरला. विठ्ठलाची गाणीही त्यांचीच आणि भीमगीतेही त्यांचीच. ज्या घरांनी त्या गायकाच्या बापजाद्यांना उंबऱ्याबाहेर उभे केले, त्याच घरांत आषाढीला त्यांचा आवाज देवघरापर्यंत गेला. आवाजाला शिवाशिव नव्हती. पण कॅसेट ही कंपनीची वस्तू होती. गायकाला एकरकमी बिदागी मिळे आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क कंपनीकडे राही, ही त्या धंद्याची सर्वसाधारण रीत होती. गीतकाराचे नाव कागदाच्या वेष्टनावर कधी बारीक अक्षरात असे, कधी नसे. यंत्राने आवाज अमर केला आणि त्याच वेळी तो विकत घेऊन ठेवला.

कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी आहे. शाहीर विलास घोगरे यांचे गाणे आनंद पटवर्धन यांच्या १९८५ सालच्या 'हमारा शहर' या माहितीपटात टिपले गेले. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला. त्यात १० जण ठार झाले. चार दिवसांनी घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. पटवर्धनांनी पुढे 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट त्या धाग्यावर उभा केला. घोगरे आज आपल्याला दिसतात, ऐकू येतात, ते एका मित्राच्या कॅमेऱ्यामुळे. त्या मित्राचे ऋण मानूनही विचारले पाहिजे, ज्या शेकडो शाहिरांना असा मित्र भेटला नाही, त्यांचे काय झाले? ते कोणत्याही फितीवर नाहीत. ते फक्त म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहेत आणि म्हातारी माणसे एकेक करून जात आहेत.

त्यानंतर मोबाइल आला. यूट्यूबवर पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी टाकला गेला आणि २००८ साली त्याची भारतीय आवृत्ती सुरू झाली. तरी ती बरीच वर्षे इंटरनेटचे बिल भरू शकणाऱ्यांचीच करमणूक होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरले, डेटाचे दर कोसळले आणि वस्तीतला माणूस या जगात आला. पण रिकाम्या हाताने आला नाही. त्याआधीच त्याच्या मोबाइलवर भीमगीत वाजत होते आणि ते वाजणे काहींना सहन होत नव्हते. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. तो परिचारकाचे शिक्षण घेत होता. त्याच्या मोबाइलवर वाजलेली बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन हे भांडणाचे कारण म्हणून पुढे आले. मध्यमवर्गाला मोबाइल ही चैनीची किंवा सोयीची वस्तू वाटते. आपल्याकडे त्यातून निघणाऱ्या आवाजाची किंमत एका पोराने जीव देऊन मोजली आहे.

या पार्श्वभूमीवर कडूबाईंची वाटचाल पाहिली पाहिजे. घरात वडिलांकडून एकतारीवरच्या भजनांचा वारसा आला. लग्न लवकर झाले, पती अकाली गेले, मुलांचा भार अंगावर पडला. मग तिने एकतारी खांद्याला लावली आणि दारोदार गाऊन पोट भरले. आधी देवादिकांची भजने होती, पुढे बाबासाहेब आणि रमाई आल्या. कुठल्याही पांढरपेशा समीक्षकाने तिच्याकडे कलावंत म्हणून पाहिले नसते. त्याच्या लेखी ती दारात आलेली एक मागती बाई होती. मोबाइलवर टिपलेली तिची गाणी पसरली आणि तीच बाई जयंतीच्या मंचावर सन्मानाने बसू लागली. तिच्या गळ्यात शिकवलेल्या गाण्याची सफाई नाही. उन्हातान्हात फिरलेल्या बाईचा तो खडा आवाज आहे. कॅसेट कंपनीने हा आवाज कदाचित 'बाजारात चालणार नाही' म्हणून परत पाठवला असता. लोकांनी तो उचलून धरला. मोबाइलच्या व्हिडिओने आपल्याला काय दिले, याचे यापेक्षा मोठे उदाहरण मला माहीत नाही.

मी धायरीत राहतो आणि शिकवण्याचे काम करतो. सिंहगडाच्या वाटेवरचे हे गाव होते. उरलीसुरली धायरी २०१७ साली पुणे महापालिकेत आली आणि शेतांच्या जागी इमारती चढत गेल्या. त्या बांधणारे कितीतरी हात मराठवाड्यातून आलेले आहेत. संध्याकाळी त्यांच्या खोल्यांवरून जाताना चुलीचा धूर आणि मोबाइलवरचे भीमगीत बरोबरच बाहेर येते. दिवसभर सिमेंटची पाटी वाहिलेली बाई कडूबाईंचे गाणे लावून भाकरी थापते. गाव तिकडे राहिले, जलसा तिकडे राहिला, पण गाणे तिच्यासोबत शहरात आले आहे.

माझा एक विद्यार्थी याच वस्तीतला. त्याच्या मावशीला जुनी भीमगीते तोंडपाठ आहेत. त्याने मोबाइल विटांच्या थप्पीवर टेकवून तिची गाणी टिपली आणि लोकांसाठी टाकली. महिन्याभरात एका गाण्यावर ध्वनिमुद्रण कंपनीचा हक्कदावा आला. व्हिडिओ राहिला, त्याच्या जाहिरातीचा पैसा मात्र कंपनीकडे जाणार होता. पोरगा मला म्हणाला, "सर, हे गाणं मावशीला तिच्या आईनं शिकवलं. कंपनीला कुणी शिकवलं?"

त्याच्या प्रश्नाचे उत्तर या यंत्राच्या रचनेत आहे. व्हिडिओतला आवाज कंपन्यांनी नोंदवलेल्या आवाजांशी आपोआप ताडून पाहिला जातो. जुळला की दावा लागतो. ज्याने नोंद केली, तो मालक ठरतो. ज्याने फक्त गायले, तो गाणाराच राहतो. जाहिरातीच्या वाट्याचे नियमही असेच आहेत. २०१८ पासून यूट्यूबवर हा वाटा हवा असेल, तर १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहणे ही अट आहे. अगदी छोट्या व्हिडिओंसाठी वेगळा हिशेब आहे. अट पुरी झाली की मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचा ५५ टक्के वाटा चॅनेल चालवणाऱ्याला मिळतो. चॅनेल चालवणाऱ्याला, गाणाऱ्याला नव्हे! कडूबाईंची गाणी कितीतरी चॅनेलांवर आहेत. ज्याने मोबाइल धरला, चॅनेल त्याचे. जिने एकतारी धरली, तिला त्यातले काय पोहोचते, हा हिशेब कोणी मागत नाही.

मराठवाड्याच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. त्याने गायरान पाहिले आहे. दलितांनी पडीक गायरान फोडले, नांगरले, पिढ्यान्‌पिढ्या कसले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. तरीही सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी माणसे तहसिलीच्या पायऱ्या झिजवीत राहिली. ताबा आहे, घाम आहे, पीक आहे, फक्त कागद नाही. आपले सारे व्हिडिओ असेच परक्याच्या गायरानात उभे आहेत.

गायरान कसे उठवले जाते, हेही आपण पाहिले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होते. बंदीच्या कारणांची चर्चा इथे करीत नाही. ग्रामीण, गरीब, कमी शिकलेल्या पोरापोरींनी तिथे उभे केलेले जग मात्र एका रात्रीत उठले. पुणे जिल्ह्यातल्याच बारामती तालुक्यातला, मोढवे गावचा सूरज चव्हाण त्यांपैकी एक. लहानपणी आईबाप गेले, शाळा सुटली, आणि टिकटॉकवरच्या बोलण्याने तो घराघरांत पोहोचला. बंदीनंतर त्याला दुसऱ्या ठिकाणी पुन्हा उभे राहावे लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या पर्वाचा विजेता झाला. एका गरीब पोराला लोकांनी उचलून धरले, याचा आनंद मानलाच पाहिजे. पण सूरज पुन्हा उभा राहिला म्हणून आपल्याला आठवतो. जे उभे राहू शकले नाहीत, त्यांची नावेही आता सापडत नाहीत.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. दार उघडले आहे, हे मान्य केले पाहिजे. 'केसरी'सारखा नकार आज कडूबाईंना कोणी देऊ शकत नाही. पण दार उघडणे आणि घर नावावर होणे यांत अंतर आहे. ते अंतर तोडण्याचे काम यंत्र करणार नाही. ते चळवळीला करावे लागेल. कायदा अगदीच आपल्या विरोधात आहे असेही नाही. २०१२ सालच्या स्वामित्वहक्क दुरुस्तीने गीतकाराला आणि संगीतकाराला गाण्याच्या व्यावसायिक वापरातून मानधनाचा वाटा दिला आणि तो सरसकट लिहून घेता येणार नाही, असे ठरवले. सादर करणाऱ्या कलावंताचा हक्कही कायद्यात आहे. आपल्या किती गायकांना हे ठाऊक आहे? आपल्या किती वकिलांनी हे काम अंगावर घेतले आहे?

कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि माझ्यासारख्या शिक्षकांना मी तीन गोष्टी सुचवतो. भीमगीताचा व्हिडिओ टाकताना गीतकाराचे, गाणाऱ्याचे आणि वाजवणाऱ्याचे नाव लिहा. हे फुकट होणारे काम आहे आणि नेमके तेच होत नाही. टिपलेल्या प्रत्येक गाण्याची मूळ प्रत वस्तीच्या वाचनालयात, बुद्धविहारात, महाविद्यालयात वेगळी जपून ठेवा. परक्या गायरानात एकच प्रत ठेवणे म्हणजे बियाणे सावकाराच्या कणगीत ठेवणे होय. आणि गायकाशी कागद करा, साध्या मराठीत, त्याला वाचून दाखवून. त्यात त्याचा वाटा आकड्यात लिहा. परक्या कंपनीला दोष देताना आपल्याच चॅनेलवाल्याने आपल्याच गायिकेला काय दिले, हेही विचारण्याची हिंमत आपल्यात हवी. शोषण आपल्या माणसाने केले म्हणून ते प्रबोधन ठरत नाही.

माझ्या विद्यार्थ्याने गाणी टिपणे सोडलेले नाही. आता त्याच्याजवळ एक वही आहे. गाणे कोणाचे, कोणाकडून आले, कोणत्या गावी, कोणत्या साली ऐकले, हे तो मावशीला विचारून लिहितो. वहीत सध्या ६३ गाणी झाली आहेत. त्यांतल्या ४१ गाण्यांना कवीचे नाव मिळाले आहे. उरलेल्या २२ जणांचा शोध चालू आहे.