जीपच्या ट्रान्स्फर केसचे तेल
दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी १९४१ पासून बनू लागलेली विलिस जीप १९४० च्या दशकाअखेरीस मुंबईत, माझगावला जोडली जाऊ लागली, आणि तिच्यासोबत ट्रान्स्फर केस, म्हणजे गिअरबॉक्सची शक्ती पुढच्या व मागच्या चाकांकडे वाटणारी दातेरी चक्रांची पेटी, येथील मेकॅनिकांच्या हाती आली. या पेटीच्या मागच्या तोंडावरच हँडब्रेकचा ड्रम असल्याने तेथील ऑइल सील, म्हणजे फिरत्या भागाभोवती ओठ टेकवून तेल अडवणारी कडी, झिजली की तेल ब्रेकच्या अस्तरावर उतरे आणि चढावर उभी केलेली गाडी धरेनाशी होई. जागा वाचवणारी ही रचना, खरे तर, दुरुस्ती करणाऱ्याच्या मुळावर उठणारी होती. नुसते सील बदलणे हा अर्धाच उपाय ठरे, कारण जुन्या सीलने योकच्या, म्हणजे प्रोपेलर शाफ्टला जोडणाऱ्या दुव्याच्या, गुळगुळीत पृष्ठावर नखाला लागेल अशी खाच पाडलेली असली, तर नवे सीलही गळे, आणि मग योक बदलणे किंवा त्यावर पातळ पोलादी बाही चढवणे भाग पडे. त्याआधी मात्र ब्रीदर, म्हणजे तापलेली हवा बाहेर सोडणारे छिद्र, चिखलाने बुजलेले नाही ना, हे पाहावे लागे. ते बुजले असल्यास आतला दाब धडधाकट सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो.