तुमच्या इलेक्ट्रिक गाडीला कोणती चार्जिंग गन बसते?

पुण्याहून कोल्हापूरला निघालात. बॅटरी १५ टक्क्यांवर आली, ॲपने जवळचं स्टेशन दाखवलं. तिथे पोहोचल्यावर कळलं की गन गाडीला बसतच नाही! ही फजिती टाळायची तर तीन गोष्टी पाहायला हव्यात: वीज एसी आहे की डीसी, गन कोणती आणि वेग किती किलोवॅट.

एसी आणि डीसीत फरक काय?

बॅटरीत वीज डीसी स्वरूपात साठते, पण घरच्या सॉकेटमधून येते ती एसी. तिचं रूपांतर गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो आणि त्याची क्षमता मर्यादित असते. १५ अँपिअरच्या सॉकेटवर साधारण ३.३ किलोवॅट, तर भिंतीवरच्या वॉलबॉक्सवर ७ किलोवॅटच्या आसपास वेग मिळतो.

फास्ट चार्जिंग स्टेशनवर हे रूपांतर बाहेरचं मोठं यंत्र करतं आणि डीसी वीज थेट बॅटरीकडे जाते. म्हणून रात्रभराचं काम तासाभरात होतं.

भारतात दिसणाऱ्या गन

- टाइप २: सात पिनांची गोलसर गन. फक्त एसी चार्जिंगसाठी.
- सीसीएस २: टाइप २ च्या आकाराखाली आणखी दोन जाड डीसी पिना. नेक्सॉन ईव्ही, एक्सयूव्ही ४००, झेडएस ईव्ही, क्रेटा इलेक्ट्रिक या गाड्यांना हीच लागते.
- जीबी/टी: ‘भारत डीसी-००१’ या १५ किलोवॅटपर्यंतच्या जुन्या चार्जरवरची गन. ई-व्हेरिटोसारख्या सुरुवातीच्या गाड्यांसाठी.
- चाडेमो: जपानी पद्धत. निसान लीफसारख्या गाड्यांत असते.

सीसीएस २ सॉकेट असलेल्या गाडीला टाइप २ गनही चालते. उलट मात्र होत नाही. उदाहरणार्थ, एमजी कॉमेटमध्ये डीसी चार्जिंगची सोयच नाही, त्यामुळे हायवेवरची सीसीएस २ गन तिला उपयोगाची नाही. इथे ॲडॉप्टरही कामाचा नाही, कारण अडचण फक्त प्लगच्या आकाराची नाही.

अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये दिसणारा टेस्लाचा एनएसीएस प्लग तिथला आहे. तो पाहून इथे ॲडॉप्टर मागवू नका.

गन बसली, तरी वेग कमी का?

किती वीज घ्यायची हे गाडी ठरवते. गाडीची डीसी मर्यादा ५० किलोवॅट असेल, तर १२० किलोवॅटच्या चार्जरवरही त्याहून जास्त मिळणार नाही. एसीचंही तसंच: ऑनबोर्ड चार्जर ७.२ किलोवॅटचा असेल, तर २२ किलोवॅटच्या पॉइंटवरही वेग तेवढाच.

दोन गनच्या ६० किलोवॅट चार्जरवर दुसरी गाडी लागली, की अनेकदा दोघांना ३०-३० किलोवॅट मिळतात. शिवाय ८० टक्क्यांनंतर बॅटरीच्या सुरक्षिततेसाठी वेग घटतो. त्यामुळे प्रवासात १०० टक्क्यांची वाट पाहत बसण्यात वेळ जातो आणि मागच्याचाही खोळंबा होतो.

निघण्यापूर्वी एवढं करा

- गाडीच्या माहितीपुस्तिकेत डीसी सॉकेट आणि कमाल किलोवॅट पाहा.
- ॲपमध्ये आपल्या गनचा फिल्टर लावा. ‘फास्ट’ या शब्दावर न जाता किलोवॅटचा आकडा वाचा.
- स्टेशन सुरू आहे का, हे इतरांच्या ताज्या नोंदींवरून तपासा.
- पुढचं पर्यायी स्टेशन गाठता येईल एवढी बॅटरी शिल्लक ठेवा.