दवंडीवाचून राहिलेला चित्रपट

इतिहास शिकताना अमुक ग्रंथ केव्हा लिहिला गेला, अमुक नाटक रंगभूमीवर केव्हा आले, ह्या सनावळ्या आपण पाठ करतो. पण ती कृती ज्यांच्यासाठी निर्माण झाली त्यांच्या हाती ती पडली काय, आणि पडली नसल्यास कोणत्या कारणाने, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आज मी तोच प्रश्न एका चित्रपटाविषयी विचारणार आहे. त्याचे नाव 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'. त्याचे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल आपल्या मुलखाला परके नाहीत. इंदापूर-बारामतीला लागून असलेल्या दौंडास त्यांनी बालरोगतज्ज्ञ म्हणून वैद्यकी केली. 'घाशीराम कोतवाल' त्यांनीच १९७२ साली रंगभूमीवर आणले, आणि १९७५ साली 'सामना' ह्या बोलपटात साखर कारखानदारीतील सत्तेचे जे दर्शन त्यांनी घडविले, ते उसाच्या ह्या पट्ट्यात राहणाऱ्या आपणांस समजावून सांगण्याची गरजच नाही.

बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. १९९० साली त्यांना भारतरत्न अर्पण झाले, १९९१ साली जन्मशताब्दी साजरी झाली, आणि त्यांच्या जीवनावर मोठ्या तोलाचा चित्रपट निघावा ही अपेक्षा बळावली. केंद्र सरकार व महाराष्ट्र सरकार ह्यांनी द्रव्य पुरविले. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा हातभार लाभला. कामात कसूर झाली असे कोणीही म्हणणार नाही. पटकथेच्या लेखनात सूनी तारापोरवाला, अरुण साधू आणि दया पवार अशी तीन नावे आहेत. त्यांपैकी दया पवार १९९६ सालीच निवर्तले. पूर्ण झालेला चित्रपट पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. छायालेखन अशोक मेहतांचे, कलादिग्दर्शन नितीन देसाईंचे, आणि नायकाच्या भूमिकेत मलयाळी नटश्रेष्ठ मम्मुटी. १९९८ सालच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय पारितोषिकांत मम्मुटींना उत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला, देसाईंना कलादिग्दर्शनाचा मिळाला, आणि उत्कृष्ट इंग्रजी चित्रपट म्हणूनही ह्याच कृतीची निवड झाली.

आता पुढची गोष्ट ऐकावी. पारितोषिके १९९८ सालची. चित्रपटगृहांत चित्रपट लागला तो २००० सालच्या डिसेंबरात. मधल्या काळात त्याच्या कीर्तीचा ताजेपणा ओसरून गेला. त्याहून खेदाची कथा तमिळनाडूतील. तेथील प्रेक्षकांस आपल्या भाषेत हा चित्रपट पाहावयास मिळावा म्हणून मद्रास उच्च न्यायालयात दाद मागावी लागली, आणि तमिळ आवृत्ती पडद्यावर आली ती २०१० साली. ज्या पुरुषाने देशाच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले, त्याच्या चरित्रपटाला पडद्यावर जागा मिळावी म्हणून न्यायालयाची पायरी चढावी लागली!

ह्यावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, चित्रपट इंग्रजी भाषेत, सुमारे तीन तासांचा आणि गंभीर. तो सामान्य प्रेक्षकास कसा रुचावा? ह्या आक्षेपाला इतिहासच उत्तर देतो. रिचर्ड ॲटनबरो ह्यांचा 'गांधी' १९८२ साली प्रकाशित झाला. तोही इंग्रजी, तोही तीन तासांहून अधिक लांबीचा, तोही गंभीर. त्याच्याही सिद्धीस वीस वर्षे लागली. आणि विशेष म्हणजे त्याच्या भांडवलातही आपल्या ह्याच चित्रपट विकास महामंडळाचा मोठा वाटा होता. मग तो जगभर कसा गेला? कोलंबिया पिक्चर्स ह्या अमेरिकन संस्थेने त्याच्या वितरणाचे काम अंगावर घेतले होते. कोठल्या शहरी तो आधी दाखवावा, वृत्तपत्रांत काय यावे, हिंदी आवृत्ती केव्हा निघावी, ह्या सर्वांचा विचार चित्रपटाबरोबरच झाला होता. १९८३ सालची आठ ऑस्कर पारितोषिके त्याला मिळाली तेव्हा ती वार्ता ऐकून चित्रपटगृहाकडे वळणाऱ्या माणसाला तेथे चित्रपट सापडत होता. आपल्या चित्रपटाला मान मिळाला तेव्हा चित्रपटगृहाच्या दाराशी फलकच नव्हता.

दुसरा आक्षेप थोडा सूक्ष्म आहे. जाहिरात हा व्यापाराचा धर्म. थोर विषयाला तिची काय आवश्यकता, असे पुष्कळ सुशिक्षितांना वाटते. परंतु दादासाहेब फाळक्यांना तसे वाटले नाही. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' घेऊन ते सुरतेस गेले. पहिल्या दिवशीची प्राप्ती अगदी क्षुल्लक होती. तीन आण्यांत इतका थोडा वेळ खेळ पाहावयास तेथील प्रेक्षक राजी नव्हता. तेव्हा फाळक्यांनी चित्रपटात काहीएक फरक न करता जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि मूल्य अवघे तीन आणे! दोन मैलांच्या आकड्यात अतिशयोक्ती होती खरी. चित्रफितीची लांबी व तीवरील चित्रांची संख्या हीच काय ती लोकांच्या समजुतीच्या भाषेत सांगितली होती. गर्दी लोटली. हा हिशेब फाळके मांडू शकले, कारण घरातले दागिने त्या कामी गेले होते.

मला वाटते, आपल्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. ज्याचे स्वतःचे द्रव्य अडकलेले असते तो दवंडी पिटतो. सरकारी द्रव्याने झालेल्या कृतीत कोणा एकाची गाठ सुटलेली नसते. अनुदान मंजूर झाले, खर्ची पडले, चित्रपट तयार झाला, पारितोषिक मिळाले. म्हणजे कागदोपत्री कार्य सिद्धीस गेले. प्रेक्षक आला की नाही हा रकाना त्या कागदावर नसतो. ह्यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे माझे म्हणणे नाही. उपेक्षेला हेतू लागत नाही. ते काम कोणाकडेच सोपविलेले नसले म्हणजे ती आपोआप घडते. कारखान्याच्या गावी राहणाऱ्यास हे चटकन कळते. यंत्रे कितीही उत्तम असोत, भोंगा वाजविणे कोणाच्या तरी अंगावर नेमून दिलेले असावे लागते. एरव्ही पाळी बदलत नाही.

खेद अधिक वाटतो तो अशासाठी की, ह्या चित्रपटाचा प्रेक्षक शोधत हिंडावे लागणार नव्हते. दरवर्षी ६ डिसेंबरला मुंबईत दादरच्या चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लक्षावधी माणसे आपल्या खर्चाने, शिदोरी बांधून येतात. परतताना बाबासाहेबांची पुस्तके विकत घेऊन जातात. जाहिरातीसाठी ह्याहून सुलभ स्थान पृथ्वीच्या पाठीवर कोठे असेल? पुण्यामुंबईच्या इंग्रजी पत्रांतील स्तंभांपेक्षा त्या मैदानावरील एक फलक आणि मराठी बोलणारा एक पडदा ह्यांचे मोल शतपट अधिक होते.

स्वतः बाबासाहेब ही गोष्ट पुरतेपणी जाणून होते. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' काढले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'ने स्वीकारली नाही. जाहिरातीचे दार बंद झाले म्हणजे विचार कसा कोंडला जातो, ह्याचा अनुभव त्यांना पहिल्याच पत्राच्या वेळी आला. परंतु त्यांच्या अनुयायांनी दुसरी वाट काढली. भीमराव कर्डक प्रभृतींचे जलसे गावोगाव फिरले. पुढे वामनदादा कर्डकांनी अक्षरशत्रू माणसाच्या कानापर्यंत तो विचार गाण्यांतून पोचविला. त्यांच्यापाशी महामंडळ नव्हते, अनुदान नव्हते. ढोलकी होती, आणि ऐकणारा कोठे बसला आहे ह्याची बिनचूक माहिती होती. १९२० साली जाहिरात नाकारली गेली, ती विरोधामुळे. ऐंशी वर्षांनी ती झाली नाही, ती अनास्थेमुळे. परिणामात फरक कितीसा?

चित्रपट पुढे घरोघरच्या लहान पडद्यांवर पाहिला गेला, आजही पाहिला जातो. म्हणजे कृती मेलेली नाही. परंतु जी पिढी बाबासाहेबांना प्रत्यक्ष ऐकलेली होती, जिने त्यांच्या सभांना मैलोगणती पायपीट केली होती, तिच्यातील किती वृद्ध माणसे मधल्या वर्षांत हा चित्रपट न पाहताच गेली असतील, ह्याचा विचार मनात आला म्हणजे चैन पडत नाही. त्यांच्यापुरता झालेला उशीर भरून निघणारा नाही.

तेव्हा, श्रोतेहो, आपल्या हाती जे आहे ते आपण करावे. येत्या १४ एप्रिलला शाळेत, वाचनालयात किंवा समाजमंदिरात हा चित्रपट लावावा. आणि लावण्यापूर्वी आठ दिवस आधी गावात तसे सांगावे. आठवड्याच्या बाजारी सांगावे, फळ्यावर लिहावे, वस्तीवस्तीत जाऊन सांगावे. सरकारने जे द्रव्य वेचले ते आपलेच होते. त्या द्रव्याने झालेल्या वस्तूची दवंडी आपण पिटली तर त्यात कमीपणा कसला?