तापत्या फरसबंदीची कुळकथा

रोमन स्नानगृहांचे भग्नावशेष पाहू जाता दृष्टी प्रथम खिळते ती त्यांच्या प्रचंड भिंतींवर आणि ढासळलेल्या कमानींवर; आणि काराकाल्ला बादशहाच्या कारकीर्दीत, इ. स. 216 मध्ये, रोमच्या नागरिकांसाठी खुले झालेले स्नानगृह ज्याने पाहिले असेल, त्याला त्या भव्यतेपुढे खाली मान घालून फरशीखालचा अंधार न्याहाळण्याची बुद्धी सहसा होत नाही. तथापि या सर्व वैभवाचा प्राण त्या अंधारातच होता. ज्या फरशीवरून सरदार, व्यापारी आणि बिगारी सारखेच अनवाणी चालत, किंवा ती फार तापली असता लाकडी पादुका घालून चालत, ती फरशी जमिनीवर अंथरलेली नसून विटांच्या शेकडो बुटक्या खांबांवर अधांतरी उचलून धरलेली असे, आणि भट्टीतला धूर व ज्वाळा त्या खांबांमधून वाट काढीत तिला खालून तापवीत. या रचनेस हायपोकॉस्ट म्हणतात.

तिचे जनकत्व प्राचीन लेखकांनी एका धनिकास देऊन टाकले आहे. नेपल्सच्या आखाताकाठी, बायेच्या परिसरात, सर्जियस ओराता नावाचा एक उद्योगी गृहस्थ होता. लुक्राइन सरोवरात कालवांची शेती करून त्याने अमाप पैसा मिळविला. ख्रिस्तपूर्व 91 मध्ये पेटलेल्या मार्सी युद्धापूर्वी त्याने ‘टांगती स्नानगृहे’ प्रथम निर्माण केली आणि ती बसवून सजविलेल्या हवेल्या तो नफ्याने विकीत असे, असे रोमन लेखक प्लिनीने नमूद केले आहे. ही टांगती स्नानगृहे म्हणजे नेमके काय, याविषयी विद्वानांत अद्याप एकवाक्यता नाही. परंतु ती तापत्या फरशीचीच होती असे घटकाभर मान्य केले, तरी ओराताचा दावा भूमीच्या साक्षीपुढे टिकत नाही. ग्रीसमध्ये आर्केडियातील गॉर्टिस येथे, वैद्यदेव अस्क्लेपियसच्या क्षेत्रातील स्नानगृहात, जमिनीखालून उष्ण हवा खेळविणारा मार्ग ओराताच्या कितीतरी आधीचा आहे. रोमच्या आग्नेयेस असलेले फ्रेगेल्ले हे नगर बंड केल्याच्या अपराधाबद्दल रोमन फौजेने ख्रिस्तपूर्व 125 मध्ये जमीनदोस्त केले, म्हणजे तेथील स्नानगृह त्या सालानंतरचे असू शकत नाही. आणि पोकळ फरशीच्या खुणा उत्खननकर्त्यांनी तेथेही ओळखल्या आहेत. नगराचा विध्वंस करणाऱ्यांनी अजाणता त्याच्या कारागिरांच्या हक्काचा दस्तऐवज मातीखाली सुरक्षित ठेवला, असेच म्हणावे लागेल.

ही फरशी कशी घडवीत, याचा खुलासेवार तपशील व्हिट्रूव्हियस या वास्तुशास्त्रज्ञाने ऑगस्टसच्या काळी लिहून ठेवला. तळाची जमीन दीड फुटी कौलांनी मढवावी आणि तिला भट्टीकडे असा उतार द्यावा की, आत टाकलेला चेंडू कोठेही न थांबता गडगडत भट्टीच्या तोंडाशी परत यावा. तसा उतार असला म्हणजे ज्वाळा पोकळीत आपोआप सर्वत्र पसरते. त्यावर आठ इंची विटांचे दोन फूट उंचीचे खांब उभारावेत, त्यांच्या सांध्यांत केस मिसळून तुडविलेली माती भरावी, आणि खांबांतील अंतर इतके राखावे की दोन फुटी चौरस फरशी एका खांबावरून दुसऱ्यावर बेताची टेकावी. या चेंडूचा तपशील मला विशेष मोलाचा वाटतो. बादशहास ग्रंथ अर्पण करणाऱ्या विद्वानाच्या लेखणीतून येथे गवंड्याचा हात बोलतो आहे. ज्याने कधी गुडघे टेकून त्या बिळात डोके घातले असेल, त्यालाच ही युक्ती सुचावी. भट्टीवर तीन काशाचे हंडे ठेवण्याची पद्धतही त्याने सांगितली आहे: ऊन पाण्याच्या हंड्यातून जितके पाणी खर्ची पडे तितके कोमट पाण्याच्या हंड्यातून त्यात उतरे, आणि कोमटाची तूट थंड पाण्याचा हंडा भरून काढी.

पुढे भिंतीही तापू लागल्या. पोकळ चौकोनी नळ्या भिंतीच्या आतून एकावर एक रचून उष्ण वायूस वर जाण्यास वाट दिली, तेव्हा घाम काढणाऱ्या दालनाची उष्णता तळापासून छतापर्यंत सारखी राहू लागली, आणि काराकाल्लाच्या स्नानगृहातील सुमारे 35 मीटर व्यासाच्या उष्णगृहासारखी दालने बांधणे शक्य झाले. तत्त्वज्ञ सेनेकाने आपल्या एका पत्रात तावदाने, अधांतरी फरश्या आणि भिंतींतील नळ्या या गोष्टी आपल्या हयातीतल्या म्हणून सांगितल्या आहेत. फरश्यांच्या बाबतीत त्याची स्मृती चुकली, कारण त्या त्याच्या पूर्वी दीडशे वर्षांहून अधिक काळ प्रचारात होत्या. पण त्याच ठिकाणी, तत्त्वज्ञानाची थोरवी गाण्याच्या ओघात, ही सारी हीनातिहीन गुलामांची कल्पकता आहे, असे तो तुच्छतेने लिहून जातो. या कुळकथेतील सर्वांत विश्वसनीय वाक्य मला हेच वाटते. प्लिनीने मूळपुरुष म्हणून विक्रेत्याचे नाव दिले; घडविणारे कोण होते, हे सेनेकाने तिरस्काराच्या भरात का होईना, सांगून टाकले.

त्या माणसांच्या श्रमाचा अंदाज पोर्तुगालमधील अल्जुस्त्रेल येथे 1876 मध्ये सापडलेल्या एका काशाच्या पत्र्यावरून बांधता येतो. तेथील व्हिपास्का नावाच्या सरकारी खाणवस्तीचे स्नानगृह हेड्रियन बादशहाच्या काळी इजाऱ्याने दिले जाई आणि इजारदाराने पाळावयाची कलमे त्या पत्र्यावर कोरलेली आहेत. पहाटेपासून सातव्या तासापर्यंत स्त्रियांनी, आठव्या तासापासून रात्रीच्या दुसऱ्या तासापर्यंत पुरुषांनी स्नान करावे. आस या नाण्यात पुरुषास अर्धा आणि स्त्रीस एक असा दर. बादशाही नोकरीतले दास्यमुक्त व गुलाम, सैनिक आणि अल्पवयीन मुले यांना माफी. ऊन पाण्याचे हंडे दर तिसाव्या दिवशी घासून, पुसून त्यांना ताजी चरबी चोळावी. जळणाचे लाकूड बाहेर विकल्यास दर विक्रीमागे शंभर सेस्टर्स दंड. जळणास निरुपयोगी अशा छाटलेल्या फांद्यांपुरती मात्र सूट. या शेवटच्या कलमात रोमन स्नानाची खरी किंमत उघड होते: जाड फरशी एकदा थंड झाली की ती पुन्हा तापविण्यास फार वेळ आणि फार लाकूड लागे, म्हणून भट्टी शक्यतो विझू न देणे हेच हिशेबाचे असे.

इ. स. 537 मध्ये गॉथांनी रोमला वेढा घालून शहराचे जलमार्ग तोडले आणि तेथील मोठी स्नानगृहे कोरडी पडली. पूर्वेकडे मात्र परंपरा खंडित झाली नाही. जॉर्डनच्या वाळवंटात कुसैर अम्रा येथे आठव्या शतकात उमय्यांनी बांधलेल्या स्नानगृहात तीच पोकळ फरशी आढळते. अरबी कारागिरांच्या हातून ती हमामखान्यांत उतरली, आणि मोरोक्कोतील फेज शहरातल्या जुन्या हमामांत लाकडाचा भुसा जाळून खालून फरशी तापविणारे भट्टीवाले आजही कामावर आहेत.