ई-सिगारेट : नियंत्रित उपकरणांची तुलना

ई-सिगारेट : बॅटरीवर तार तापवून द्रवाचे सूक्ष्म तुषार तयार करणारे आणि ते झुरक्यावाटे छातीत ओढण्यासाठी बनवलेले हातात मावणारे उपकरण. बोलीत त्याला ‘व्हेप’ म्हणतात. द्रवात बहुधा निकोटिन असते. तंबाखू जळत नसल्याने राख पडत नाही आणि वासही लवकर विरतो, म्हणूनच घरच्यांना पत्ता लागायला वेळ लागतो. भारतात 18 सप्टेंबर 2019 पासून या उपकरणाचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. त्यामुळे, उदाहरणार्थ, जालना शहराच्या नवीन जालना भागातल्या कोणत्याही दुकानात ते कायदेशीरपणे मांडता येत नाही. पुढची तुलना परदेशातल्या खुल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या उपकरणांवर आधारलेली आहे. ती खरेदीसाठी दिलेली नाही. उपकरण कसे चालते, कुठे धोका देते आणि त्याचा खर्च कुठे दडलेला असतो हे पालक, शिक्षक आणि पोलीस यांना कळावे, एवढाच तिचा हेतू.

अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांना 1965 मध्ये धूरविरहित सिगारेटचे पेटंट मिळाले होते, पण ती बाजारात रुजली नाही. आजच्या उपकरणाचे श्रेय चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांच्या 2003च्या रचनेला दिले जाते. 2015 मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘जूल’ने पेनड्राइव्हसारखा आकार आणि निकोटिन क्षार यांची जोड घातली, आणि हा प्रकार शाळकरी मुलांच्या दप्तरात जाऊन बसला.

रचना : बॅटरी, कॉइल, वात आणि द्रवाची टाकी हे चार भाग बहुतेक उपकरणांत असतात. कापसाची वात द्रव शोषते, कॉइल तो तापवते. प्रोपिलीन ग्लायकॉल आणि वनस्पतिजन्य ग्लिसरीन हे द्रवाचे मुख्य घटक असतात. त्यांत निकोटिन आणि स्वादद्रव्ये मिसळतात. पाचवा भाग असतो तो नियंत्रक सर्किट. तो ज्यात असतो ते नियंत्रित उपकरण. तो नसेल तर बॅटरी थेट कॉइलला जोडलेली असते आणि अशा उपकरणाला यांत्रिक मॉड म्हणतात.

कामगिरी : दोन्हींतला फरक ओहमच्या नियमाने सांगता येतो. 0.2 ओहमची कॉइल यांत्रिक मॉडमध्ये पूर्ण भरलेल्या, म्हणजे 4.2 व्होल्टच्या सेलवर लावली तर 21 अँपिअर प्रवाह वाहतो आणि सुमारे 88 वॅट शक्ती मिळते. सेल उतरत 3.4 व्होल्टवर आला की तीच कॉइल 58 वॅटवर येते. म्हणजे सकाळचा झुरका आणि संध्याकाळचा झुरका सारखा नसतो. नियंत्रित उपकरणात 60 वॅट ठरवले तर सर्किट सेल उतरेपर्यंत 60 वॅटच पुरवते.

पण इथे एक गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. शक्ती कायम ठेवायची तर उतरत्या व्होल्टेजची भरपाई प्रवाह वाढवूनच करावी लागते. सर्किटमध्ये दहा टक्के वीज वाया जाते असे धरले तर 60 वॅटसाठी सेलमधून सुमारे 67 वॅट खेचावे लागतात. सेल भरलेला असताना हा प्रवाह 16 अँपिअर असतो, 3.2 व्होल्टवर तो 21 अँपिअरच्या जवळ जातो. सेलवर सर्वांत जास्त ताण येतो तो तो संपत आलेला असताना. शिवाय हा ताण कॉइलच्या ओहमवर ठरत नाही, ठरवलेल्या वॅटवर ठरतो. दोन सेल एकामागे एक जोडलेल्या उपकरणात हाच भार विभागला जातो, म्हणून मोठ्या शक्तीसाठी दोन सेलची रचना अधिक सुरक्षित ठरते.

चांगल्या सर्किटमध्ये शॉर्टसर्किट, उलटा बसवलेला सेल, अति उष्णता आणि सेल फार उतरणे यांपासून संरक्षण असते. दहा सेकंदांच्या आसपास झुरका आपोआप तुटतो. काही सर्किटे तापमानही आवरतात. निकेल, टायटॅनियम किंवा स्टेनलेस स्टीलच्या तारेचा रोध तापल्यावर मोजता येईल इतका वाढतो, त्यावरून सर्किटला वात कोरडी पडल्याचे कळते. ही सोय शोभेची नाही. कोरडी वात जळू लागली की ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिन तयार होतात.

बॅटरी : सुट्या सेलच्या उपकरणांत 18650 आणि 21700 हे दोन आकार रूढ आहेत. पहिला 18 मिलिमीटर व्यासाचा आणि 65 मिलिमीटर लांबीचा, दुसरा 21 आणि 70 मिलिमीटरचा. रात्रीच्या पाळीला पिकांना पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याच्या टॉर्चमध्येही 18650 असू शकतो. फरक प्रवाहाचा आहे : टॉर्चला एक-दोन अँपिअर पुरतात, मोठ्या मॉडला (जास्त शक्तीच्या उपकरणाला) वीस लागतात. त्यातही क्षमता आणि प्रवाह यांचे जमत नाही. 3,500 मिलिअँपिअर-तासांचा 18650 सेल साधारण 10 अँपिअर सोसतो, 20 अँपिअर सोसणारा बहुधा 2,500चा असतो. ज्या सेलच्या वेष्टनावर 9,900 छापलेले आहे, तो खोटा आहे हे न मोजताही सांगता येते. जुन्या लॅपटॉपमधून काढून नवे वेष्टन चढवलेल्या सेलची गतही हीच.

बॅटरी किती टिकते हे मिलिअँपिअर-तासांवरून ठरवणे फसवे आहे. 3,000च्या एका सेलमध्ये सुमारे 10.8 वॅट-तास ऊर्जा असते, त्यातली 9.7 कॉइलपर्यंत पोचते. 60 वॅटवर तीन-तीन सेकंदांचे झुरके धरले तर कागदावर ती 195 झुरक्यांत संपते; 15 वॅटवर तीच 775 झुरके पुरते. 800 मिलिअँपिअर-तासांचे छोटे पॉड-उपकरण (पॉड म्हणजे द्रवाची बदलती कुपी) 12 वॅटवर सुमारे 260 झुरके देते, म्हणजे जवळपास चौपट लहान असूनही मोठ्या मॉडला मागे टाकते. प्रत्यक्षात आकडे याहून खालीच राहतात, कारण जास्त प्रवाहावर सेल आपली पूर्ण क्षमता देत नाही. कामगिरी हवी तर बॅटरी जाते. जाहिराती ही देवाणघेवाण सांगत नाहीत.

खर्च : उपकरणाची किंमत एकदाच मोजावी लागते. कॉइल किंवा पॉड काही दिवसांनी बदलावे लागते आणि द्रव रोज लागतो. कमी शक्तीच्या पॉडमध्ये तीव्र निकोटिन क्षार थोडे लागतात. मोठ्या मॉडमध्ये निकोटिन सौम्य, पण द्रव कैक पटींनी जास्त उडतो. म्हणून स्वस्तात मिळालेले मोठे उपकरण वर्षाअखेर महाग पडते. एकदाच वापरून फेकायचे उपकरण सुरुवातीला सर्वांत स्वस्त आणि दर झुरक्यामागे सर्वांत महाग. त्यात पुन्हा भरता येण्याजोगा लिथियम सेल एका वापरानंतर कचऱ्यात जातो. ब्रिटनने 1 जून 2025 पासून अशा उपकरणांच्या विक्रीवर बंदी घातली. युरोपीय संघात द्रवातील निकोटिन मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमपर्यंत आणि टाकी 2 मिलिलिटरपर्यंत मर्यादित आहे. अमेरिकेत जूलच्या पॉडमध्ये ते प्रमाण 59 होते. म्हणजे एकाच आकाराची दोन पॉडे निकोटिनच्या बाबतीत सारखी असतीलच असे नाही.

भारतातील स्थिती : अध्यादेश निघाला तो 18 सप्टेंबर 2019 रोजी, त्याची जागा घेणारा कायदा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाला. तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणे आणि ई-हुक्का त्यात येतात, निकोटिनविरहित द्रवाचे उपकरणही सुटत नाही. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. आपल्या जागेत जाणूनबुजून साठा ठेवू दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गाळा भाड्याने देणाऱ्या मालकाने हे शेवटचे कलम ध्यानात ठेवावे. उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा पोलीस अधिकारी झडती घेऊ शकतो.

बंदीमुळे वर केलेली सगळी तुलना इथे लटकी पडते. नवीन जालन्यात कुणी चोरट्या वाटेने आलेले उपकरण विकत घेतले, तर त्यावर छापील किंमत नसते, बिल नसते, हमी नसते. सर्किट खरे आहे की नुसते दिवे लावलेले आहेत, सेल कोणत्या कारखान्याचा, द्रवात निकोटिन किती, यातले काहीच तपासता येत नाही. किंमत विक्रेत्याच्या धाडसावर ठरते. बंदीवर टीका करणारे नेमके याकडेच बोट दाखवतात, आणि विडी-सिगारेट खुलेआम मिळत असताना फक्त यावरच बंदी का, असेही विचारतात. प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमध्ये धूम्रपान सोडण्यासाठी ई-सिगारेटचा आधार घेतात, आणि निकोटिनच्या ई-सिगारेटने पट्टी किंवा गोळीपेक्षा जास्त लोक सिगारेट सोडतात, असा कोक्रेन आढाव्याचा निष्कर्ष आहे.

महाराष्ट्राला मात्र तो युक्तिवाद फारसा लागू पडत नाही. 2016-17च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील 26.6 टक्के प्रौढ तंबाखू सेवन करत होते, पण धूम्रपान करणारे केवळ 3.8 टक्के होते, 24.4 टक्के लोक तंबाखू चघळत, मळत किंवा मिश्रीच्या रूपात वापरत होते. हातावर चुना-तंबाखू मळणाऱ्याला व्हेपचा उपयोग नाही. इथे हे उपकरण खुले झाले असते तर त्याचे गिऱ्हाईक सिगारेट सोडू पाहणाऱ्यांपेक्षा कधीच न ओढलेली मुले अधिक असती, म्हणून बंदीची बाजू भक्कम वाटते. बंदीची अंमलबजावणी हा वेगळा मुद्दा : गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे कुणाला विचारावे लागत नाही.

फुप्फुसांच्या बाबतीत अमेरिकेतला 2019चा अनुभव नोंदण्याजोगा आहे. फेब्रुवारी 2020पर्यंत तिथे व्हेप ओढल्याने फुप्फुसांना इजा होऊन 2,807 जण रुग्णालयात दाखल झाले किंवा मृत्यू पावले, त्यांत मृत्यू 68. दोष मुख्यतः गांजाच्या अर्काच्या चोरट्या पॉडमधील व्हिटॅमिन-ई अ‍ॅसिटेटचा निघाला. ज्या बाजारात द्रवाची तपासणी होत नाही, तिथेच असे मिश्रण खपते.

व्यसन सोडायचे असेल तर 2 मिलिग्रॅमचा निकोटिन च्युइंगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, आणि 1800-11-2356 या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो.