नाव असलेले चेहरे, नाव नसलेले चेहरे

मद्रासच्या एग्मोर संग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन माणसांची डोकी आणि नाके मोजत. १९०९ साली दक्षिणेतील जाती-जमातींवरचे त्यांचे ७ खंड निघाले. त्यांतल्या छायाचित्रांखाली जातीचे नाव असते, माणसाचे सहसा नसते. चेन्नईत राहून मराठीत भाषांतरे करताना मी ‘पोर्ट्रेट’साठी ‘व्यक्तिचित्र’ लिहिते. हा शब्द मात्र लगेच विचारतो: यातली व्यक्ती कोण?

माग्दा नाखमन यांच्या चित्रांनाही हेच विचारायला हवे. त्या १८८९ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मल्या, लेऑन बाक्स्टकडे शिकल्या. १९१३ मध्ये त्यांनी कवयित्री मारिना त्स्वेतायेवाचे आणि १९३३ मध्ये बर्लिनला नाबोकोव्हचे चित्र केले. पती एम. पी. टी. आचार्य मद्रासचे, सुब्रमण्य भारतींच्या ‘इंडिया’ पत्राशी संबंधित क्रांतिकारक. हिटलर सत्तेवर आल्यावर दोघांनी जर्मनी सोडली आणि पुढे मुंबई गाठली. तिथे माग्दाबाईंनी इथली साधी, कष्टकरी माणसे रंगवली.

त्यांच्याच पिढीतली दक्षिण आफ्रिकेची एक्स्प्रेशनिस्ट चित्रकार इर्मा स्टर्न. जर्मनीत माक्स पेखश्टाइनच्या प्रभावाखाली घडलेल्या स्टर्नने आफ्रिकी माणसांना तप्त रंगांत न्हाऊ घातले. त्या रंगांत माणूस किती आणि गोऱ्या नजरेचे ‘आदिम’ स्वप्न किती, असा आक्षेप आज घेतला जातो.

माग्दाबाईंचा कुंचला तितका उग्र नाही. शिवाय त्या राज्यकर्त्यांच्या पंक्तीतल्या नव्हत्या: निर्वासित, आणि ब्रिटिशांना नकोशा असलेल्या माणसाची बायको. तरीही विस्थापन म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. वसाहतीच्या मुंबईत गोऱ्या बाईपुढे बसणाऱ्या मोलकरणीला ‘नको’ म्हणणे सोपे नसणार.

मग फरक कुठे? मला तो चेहऱ्यांत दिसतो. थर्स्टनला नमुना हवा होता, स्टर्नला बरेचदा स्वप्न. माग्दाबाईंच्या ज्या प्रतिकृती मी पाहिल्या, त्यांत थकवा, संकोच, स्वतःतच असणे आहे. पोशाख दुय्यम राहतो. जातीचा नमुना असा थकत नाही, माणूस थकतो.

पण नावांचा हिशेब उरतोच. नाबोकोव्हचे चित्र हरवले, तरी त्याची नोंद आहे. मुंबईचे कितीतरी चेहरे टिकले, नावे गेली. १२ फेब्रुवारी १९५१ रोजी, मुंबईतल्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्याच दिवशी, माग्दाबाई वारल्या. विचारायलाही कोणी उरले नाही. म्हणून पुनर्मूल्यांकन करायचे तर एका चित्रकर्तीचे नाव इतिहासात घालून थांबता येत नाही. चित्राखालची रिकामी ओळ रिकामी म्हणूनच वाचावी लागते.