आंबेडकरांचे अर्थशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण

विसाव्या शतकाच्या आरंभी परदेशी विद्यापीठात अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश घेताना पात्रतेइतकाच खर्चाचा प्रश्न बिकट असे. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे पदवीधर भीमराव रामजी आंबेडकर हे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिक्षणानंतर १० वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट तीत होती. १९१५ मध्ये ते एम्. ए. झाले. १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. तथापि शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. सिडनम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून साठविलेला पैसा, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राचे कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२१ मध्ये एम्. एस्‌सी. झाले.